सूर्यास्तापूर्वीचा मुक्काम : जुन्या मोटारींनी मुंबई ते आग्रा

मुंबईतील लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी मंडळी अजूनही 'आग्रा रोड' म्हणतात. शीव, कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड अशा वस्त्यांतून ठाण्याकडे जाणाऱ्या या रस्त्याच्या नावातच त्याचे गंतव्य दडलेले होते. ठाणे सोडले की तो कसारा घाट चढून नाशिकला येतो. पुढे चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर करीत सातपुडा ओलांडतो, खलघाटला नर्मदा पार करतो, आणि इंदूर, देवास, शाजापूर, गुना, शिवपुरी, ग्वाल्हेर, धौलपूर या गावांवरून आग्र्यास पोहोचतो. 'राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३' म्हणून त्याची लांबी १,१६१ किलोमीटर मोजली जात असे : महाराष्ट्रात ३९१, मध्य प्रदेशात ७१२, राजस्थानात ३२ आणि उत्तर प्रदेशात २६. क्रमांकांची फेररचना झाल्यावर हा एक रस्ता अनेक क्रमांकांत विभागला गेला. धुळे ते ब्यावरा ५२, ब्यावरा ते ग्वाल्हेर ४६, तेथून आग्र्यापर्यंत ४४, असे फलक आता दिसतात. व्यापारी पेढ्यांच्या बोलण्यात मात्र तो अजून 'आग्रा रोड'च आहे.

या रस्त्याच्या आरंभीच, कुर्ल्याला, मोटारीही तयार होत. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातील शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रथम अमेरिकी बनावटीच्या मोटारी, नंतर फियाट ११०० आणि अखेरीस प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. त्याही आधी, १९२८ साली, जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारींची जुळणी सुरू केली होती. या गाड्यांपैकी काही आजही जुन्या घराण्यांच्या वाड्यांत, गोदामांच्या कोपऱ्यांत, कापडाखाली झाकून ठेवलेल्या आहेत. घरातील वडीलधाऱ्यांच्या पंचाहत्तरीला किंवा दुकानाच्या सुवर्णमहोत्सवाला कोणीतरी सहज म्हणून जाते : "आजोबांची फियाट आणि काकांची अँबेसेडर घेऊन आपण आग्र्यापर्यंत जायचे का?"

जावे, असेच आमचे मत आहे. परंतु आखणी उत्साहापासून सुरू करू नये, मर्यादांपासून करावी. गाडी किती धावू शकते, दिवस किती मोठा आहे, माणूस किती वेळ सावध राहू शकतो आणि कायदा काय मुभा देतो, हे चार आकडे आधी मांडावेत आणि त्यांत मावेल तेवढाच प्रवास ठरवावा. व्यापारात भांडवल पाहून माल उचलणाऱ्या कुटुंबांना ही रीत नवी नाही. सहलीच्या वेळी मात्र ती हमखास विसरली जाते.

आधी कागद

जाणकारांच्या भाषेत 'व्हिंटेज' म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील मोटार. भारतीय कायद्याची व्याख्या वेगळी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठे फेरफार न केलेले दुचाकी वा चारचाकी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व मुदत दहा वर्षे, आणि फेरनोंदणीचे शुल्क ५,००० रुपये, असे त्या दुरुस्तीने ठरवले. म्हणजे १९६५ सालची फियाटही कायद्याने 'व्हिंटेज' ठरू शकते.

या मानाबरोबर एक बंधन येते, आणि ते पुष्कळांच्या ध्यानात नसते. या वर्गात नोंदवलेली गाडी नित्य वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, व्हिंटेज रॅली, त्यांसाठीचे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी तिला रस्ता मोकळा आहे. तेव्हा गाडी व्हिंटेज वर्गात असेल, तर कौटुंबिक सहल म्हणून दहा दिवस ती हाकणे या चौकटीत बसत नाही. एखाद्या मोटार-क्लबच्या रीतसर रॅलीत सहभागी व्हावे, किंवा परिवहन कार्यालयात आधी चौकशी करून लेखी उत्तर घ्यावे. गाडी सर्वसाधारण वर्गात असेल, तर नोंदणीचे नूतनीकरण, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र प्रवासाच्या अखेरच्या दिवसापर्यंत वैध आहेत ना, हे तपासावे. पथकराच्या नाक्यावर जुन्या गाडीलाही फास्टॅग लागतोच.

आग्र्याहून पुढे दिल्लीला जाण्याचा मोह अनेकांना होतो. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात जुन्या वाहनांवरील निर्बंध अधिक कडक आहेत आणि त्यांत वेळोवेळी बदल होत आले आहेत. म्हणून जुन्या गाडीचा प्रवास आग्र्यालाच संपवावा, हे शहाणपणाचे.

दिवसाचा हिशोब

जुन्या गाडीने रात्री महामार्गावर असू नये, हा या आखणीतील पहिला नियम. महायुद्धापूर्वीच्या बहुतेक अमेरिकी गाड्यांची विद्युतव्यवस्था ६ व्होल्टची असते. तिच्या दिव्यांचा पिवळा उजेड समोरचा खड्डा दाखवील एवढाच. त्याहून मोठा धोका मागून येतो. ताशी ८० किलोमीटरने येणाऱ्या ट्रकचालकाला पुढची मिणमिणती लाल ठिपकी ताशी ४५ने चालली आहे, हे कळेपर्यंत अंतर संपलेले असते.

ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन उरकण्याचा नेम आहे, त्यांना हा नियम वेगळा पाळावा लागत नाही. घरचा नेम आणि गाडीची गरज येथे एकच मागणी करतात. मात्र सूर्यास्ताची वेळ मुंबईची धरू नये. फेब्रुवारीच्या मध्यास आग्र्याला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी, सहा वाजून गेल्यावर लगेचच मावळतो. जसजसे उत्तरेकडे जाऊ, तसतशी संध्याकाळ अलीकडे सरकत जाते. दिवस पुरेसा मोठा, हवा थंड आणि ग्वाल्हेर-आग्रा भागातील डिसेंबर-जानेवारीचे दाट धुके ओसरलेले, असा काळ फेब्रुवारीतच मिळतो. मार्च संपता संपता धुळ्यापासूनच ऊन इंजिनाला छळू लागते.

आता हिशोब मांडू. नवकारशीनंतर न्याहारी करून आठ वाजता निघावे आणि साडेचारला मुक्कामी पोहोचावे. हे झाले साडेआठ तास. दुपारच्या भोजनाला एक तास. दर सव्वा तासाने पंधरा मिनिटे थांबून इंजिन निववायचे, तेल-पाणी पाहायचे. यात आणखी सव्वा तास जातो. उरतात सव्वासहा तास. घाट, गावे आणि वाहतूक धरून जुन्या गाडीची सरासरी ताशी ३०-३२ किलोमीटरच धरावी. उत्तर येते १९० ते २००. दिवसाला दोनशे किलोमीटर ही मर्यादा, तिच्यापुढे एकही टप्पा आखू नये. पोहोचल्यानंतरचा उजेडातला वेळ रिकामा ठेवलेला दिसतो, पण तीच खरी शिल्लक. फुटलेली ट्यूब, तुटलेला फॅनबेल्ट, वाट चुकलेली गाडी या सर्वांचा खर्च त्यातूनच भागतो.

टप्पे

या मर्यादेत मुंबई ते आग्रा प्रवास दहा दिवसांचा होतो. त्यांतील आठ दिवस चालण्याचे आणि दोन विसाव्याचे. अंतरे ढोबळ मानाने देत आहोत.

पहिला दिवस मुंबई ते नाशिक, १७० किलोमीटर. गाडीची खरी परीक्षा पहिल्याच दिवशी, कसारा घाटात होते, आणि ते एका अर्थी बरेच आहे. जी गाडी हा चढ तापल्यावाचून चढत नाही, तिला तेथूनच घरी पाठवणे सोपे असते. मुक्काम नाशिकजवळ म्हसरूळच्या गजपंथ क्षेत्री करता येईल. दुसरा दिवस नाशिक ते धुळे, १६० किलोमीटर. वाटेत चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहावा. तेथील डोंगरात जैन लेणेही आहे.

तिसरा दिवस धुळे ते महेश्वर, १९० किलोमीटर. तापी ओलांडून शिरपूर, मग बिजासन घाटाने सातपुडा, सेंधवा आणि खलघाटला नर्मदा. धामणोदहून महामार्ग थोडा सोडला की अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर येते. बडवानीजवळच्या बावनगजाच्या ८४ फुटी आदिनाथ मूर्तीचे दर्शन ज्यांना घ्यायचे असेल, त्यांनी एक दिवस वाढवावा आणि तेथे सोबतच्या नव्या गाडीने जावे. चौथा दिवस महेश्वर ते इंदूर, अवघे ९५ किलोमीटर. पण माळव्याच्या पठारावर चढताना मानपूरजवळचा घाट यातच आहे. पाचवा दिवस इंदूरला विसावा. मोठ्या शहरात सुटे भाग आणि मिस्त्री मिळण्याचा संभव अधिक, म्हणून गाड्यांची पूर्ण तपासणी येथे करावी. घरच्या मंडळींनी तोवर शेठ हुकुमचंद यांनी उभारलेले काच मंदिर पाहावे. भिंती, छत, जमीन सारे काचेच्या कामाने मढवलेले हे मंदिर कापडगिरण्यांच्या काळातील इंदूरच्या वैभवाची साक्ष आहे.

सहावा दिवस इंदूर ते ब्यावरा आणि सातवा ब्यावरा ते शिवपुरी, दोन्ही १९० ते १९५ किलोमीटर. हा प्रदेश सपाट आणि रस्ता सरळ. म्हणूनच चालकाला झापड येण्याचे भय येथे जास्त. चालक दर दोन तासांनी बदलावा. आठवा दिवस शिवपुरी ते ग्वाल्हेर, ११५ किलोमीटर. नववा दिवस ग्वाल्हेरला राखून ठेवावा. किल्ल्याच्या कड्यांत पंधराव्या शतकात, तोमर राजे डुंगरसिंह व कीर्तिसिंह यांच्या काळात, तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. उरवाही बाजूची आदिनाथांची मूर्ती सुमारे ५७ फूट उंच आहे. बाबराने या मूर्ती भग्न करण्याचा हुकूम दिला, आणि तशी नोंद त्याने स्वतःच्या आत्मवृत्तात करून ठेवली. पुढे समाजाने काही मूर्तींची मुखे चुन्याच्या गिलाव्याने पुन्हा घडवली. हे सारे धावत पाहण्याजोगे नाही. दहावा दिवस मोरेना, चंबळ आणि धौलपूर करीत १२० किलोमीटरवरील आग्रा.

गाडीची तयारी

तयारीचे महत्त्व सांगणारा दाखला मोटारींच्या इतिहासाच्या आरंभीचाच आहे. १९०७ साली पेकिंगहून पॅरिसला पाच गाड्या निघाल्या. वाटेत रस्ता असा नव्हताच. पेट्रोल उंटांच्या तांड्यांनी आधीच पुढे पोहोचवून ठेवले होते. १० जूनला निघालेले इटलीचे प्रिन्स स्किपिओने बोर्गेझे १० ऑगस्टला पॅरिसला प्रथम पोहोचले. एक तीनचाकी गाडी मात्र गोबीच्या वाळवंटात इंधन संपल्याने सोडून द्यावी लागली. आज पंप पावलोपावली आहेत. उणीव आहे ती जुन्या गाडीला मानवेल अशा इंधनाची, सुट्या भागांची आणि जाणत्या हातांची.

पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि बुचाची गॅस्केटे त्यासाठी घडवलेली नव्हती. इथेनॉलमुळे टाकीच्या तळाशी साचलेला मळ सुटतो, तो कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतो आणि गाडी घाटातच बंद पडते. म्हणून निघण्याच्या दोन महिने आधी टाकी काढून धुवावी, इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बसवाव्यात आणि जास्तीचे फिल्टर सोबत घ्यावेत. याशिवाय पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, प्लग, फॅनबेल्ट, वॉटरपंपाचा संच, व्हील सिलिंडरची रबरे, हेड गॅस्केट आणि ट्यूबा यांची पेटी प्रत्येक गाडीमागे वेगळी असावी. फियाटचा भाग अँबेसेडरला चालत नाही. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर वयाने कडक होते. जुने टायर बदलावेत.

रेडिएटर आतून धुऊन घ्यावा. उकळी फुटल्यावर त्याचे झाकण उघडण्याची घाई कोणीही करू नये. उसळणारे पाणी हात-तोंड भाजते. रेडिएटरचे पाणी आणि पिण्याचे उकळलेले पाणी यांचे डबे वेगळ्या रंगांचे असावेत. घाटासाठी जुन्या चालकांचा नियम अजून खरा आहे : ज्या गिअरने चढाल, त्याच गिअरने उतरा. उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले की ड्रम तापतात आणि ब्रेक लागेनासे होतात.

या साऱ्यांहून दुर्मीळ गोष्ट म्हणजे मिस्त्री. मुंबईतून प्रीमियर पद्मिनीची अखेरची टॅक्सी २०२३ साली निवृत्त झाली. त्या टॅक्सींवर ज्यांचे हात तयार झाले, ते कारागीर आता उतारवयात आहेत. असा एक मिस्त्री योग्य मोबदला देऊन दहाही दिवस सोबत न्यावा आणि घरातील एका तरुणाने त्याच्या हाताखाली उभे राहावे. आवाज ऐकून दोष ओळखण्याची ही विद्या पुस्तकांत फारशी उतरलेली नाही. गाडी वारशाने मिळते. ही विद्या मात्र शिकावीच लागते, आणि शिकवणारे फार काळ राहणार नाहीत.

कोणी कोठे बसावे

आता अप्रिय वाटेल, पण सांगितलेच पाहिजे असे. जुन्या गाड्यांत आसनपट्टे नाहीत, हवेच्या पिशव्या नाहीत आणि धक्का झेलून आत बसलेल्यांना वाचवील अशी रचनाही नाही. दरवाजांच्या कड्या पन्नास वर्षांच्या. अशा गाडीत महामार्गावर लहान मुलांना बसवू नये. नातवंडांना आजोबांच्या शेजारी बसायचे असते, आणि आजोबांनाही तेच हवे असते. सहलीचा अर्धा आनंद त्यातच आहे, हे आम्ही जाणतो. तरीही मुलांची जागा पट्टा लावून नव्या गाडीत. मुक्कामाच्या गावी, धर्मशाळेच्या आवारात किंवा सकाळच्या निवांत गल्लीत त्यांना जुन्या गाडीतून सावकाश फिरवावे. गर्भवती स्त्रिया आणि पाठीचे दुखणे असलेले ज्येष्ठ यांनाही हाच नियम.

ताफ्याच्या शेवटी एक नवी गाडी असावी. धोक्याचे दिवे लावून ती जुन्या गाडीच्या मागे सुरक्षित अंतरावर चालेल. मिस्त्री, सुटे भाग, औषधपेटी, अग्निशामक आणि परावर्तक त्रिकोण तिच्यात असतील. एका ताफ्यात दोन किंवा तीनच जुन्या गाड्या घ्याव्यात. जितक्या गाड्या अधिक, तितके थांबे अधिक, आणि दोनशे किलोमीटरचा हिशोब तितक्या लवकर ढासळतो.

थांबवण्याचा अधिकार

अपघात बहुधा नादुरुस्त गाडीमुळे होत नाहीत. नादुरुस्त गाडी पुढे रेटल्यामुळे होतात. पुढच्या गावी खोल्या ठरलेल्या असतात, नातेवाईक स्वागताला उभे असतात, आणि कोणीतरी म्हणते, "चालेल, तीस किलोमीटर तर राहिले." त्या क्षणी 'नाही' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. वयाने मोठा कोण, गाडी कोणाच्या नावावर आहे, खर्च कोण करतो, हे प्रश्न त्या वेळी गौण. मिस्त्रीने नको म्हटले की गाडी थांबली, आणि घड्याळात चार वाजले की त्या दिवसाचा टप्पा जवळच्या गावीच संपला. हे दोन नियम कागदावर लिहून, सर्वांनी वाचून, सर्वांत ज्येष्ठ माणसाने त्याखाली सही करावी. त्यांची सही असली की मिस्त्रीला त्यांच्यासमोर बोलताना संकोच वाटणार नाही.

खोल्यांचे आरक्षण रद्द करता येण्याजोगे असावे आणि गाडी उचलून नेणाऱ्या ट्रकची रक्कम अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरावी. वापरावी लागली नाही तर परतल्यावर ती मिस्त्रीला बक्षीस म्हणून द्यावी. एखादी गाडी शिवपुरीहून ट्रकवर चढून घरी आली, तर त्यात कमीपणा मानू नये. ती दुरुस्त होऊन पुढच्या वर्षी पुन्हा निघू शकते.

वाचकांपैकी कोणाच्या मनात असा बेत असेल, तर सुरुवात लहान करावी. या दिवाळीनंतर गाडीवरचे कापड काढावे, मिस्त्रीला बोलवावे, आणि एका रविवारी सकाळी ठाण्यापासून शहापूरपर्यंत जाऊन परत यावे. गाडी किती तापली, पेट्रोल किती लागले, कोणता आवाज नवा होता, हे वहीत तारखेसह टिपून ठेवावे. अशा चार-पाच फेऱ्यांच्या नोंदी जमल्या की आग्र्याचा प्रवास या फेब्रुवारीत करायचा की पुढच्या, याचे उत्तर ती वहीच देईल.